गुराब, गलबत आणि घाटमाथ्याची वाट

ज्या दाभाडे घराण्याचे नाव तळेगाव आजही अंगावर वागवीत आहे, त्या घराण्याची सारी कीर्ती घोड्याच्या पाठीवर मिळवलेली. १७१७ साली शाहू महाराजांनी खंडेराव दाभाड्यांना सेनापतिपदाची वस्त्रे दिली आणि गुजरातेच्या वाटा या घराण्याच्या पथकांना अंगणासारख्या परिचित झाल्या. अशा खुष्कीच्या सरदारांच्या गावी बसून शिडाच्या जहाजांची नावे पारखावीत, हा प्रकार वाचकाला काहीसा विपरीत वाटेल. परंतु घाट हा दर्याचा बांध नसून त्याचा उंबरठा आहे, हे मावळ फार पूर्वीपासून जाणून आहे.

कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरून मान वर केली, की सुमारे दोन हजार वर्षांच्या सागवानी फासळ्यांची कमान दिसते, आणि एखादे थोरले तारू उपडे करून डोंगराच्या पोटात ठेवले असावे असा भास होतो. तेथील दानलेखांत सोपाऱ्याचा उल्लेख आहे, यवन दात्यांचीही नावे आहेत. म्हणजे बंदरावर उतरलेली माणसे आणि त्यांचे द्रव्य बोरघाट चढून येथवर येत होते. पुढे १७१३ साली कान्होजी आंग्र्यांनी चालून आलेल्या बहिरोपंत पेशव्यांना कैद करून लोहगड घेतला, तेव्हा ते प्रकरण मिटवण्यासाठी नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ घाटाकडे निघाले. लोणावळ्यास उभयतांचा तह ठरला आणि आंग्र्यांची सरखेली शाहूंच्या पदरी आली. मराठी दर्याचे भवितव्य असे मावळच्या मातीवर मुक्रर झाले.

त्या सरखेलांच्या आरमारात दोन जाती मुख्य होत्या. गुराब हे नाव अरबी असून त्याचा अर्थ कावळा. इंग्रजांनी त्याचेच ‘ग्रॅब’ केले. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने दिलेल्या वर्णनाप्रमाणे गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या असत आणि भार दीडशे टनांच्या सुमाराचा असे. तीन डोलकाठ्यांची क्वचितच आढळे, ती तीनशे टनांपर्यंत जाई. लांबीच्या मानाने ती रुंद, मात्र पुढे चोचीप्रमाणे निमुळती होत गेलेली. आणि त्या चोचीवरून नऊ ते बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा समोर मारा करीत. गलबत त्याहून हलके, सत्तर टनांच्या आतले, एका विशाल त्रिकोणी शिडाचे. पण त्याचे खरे बळ चाळीस-पन्नास वल्ह्यांत. वारा पडला म्हणजे शिडावर विसंबलेले परकी जहाज जागच्या जागी खिळे. त्या वेळी गलबते वल्ह्यांच्या जोरावर गुराबांना ओढीत त्याच्या पिछाडीस आणून उभी करीत आणि डोलकाठ्यांवर गोळे सुटत.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात याच अनुभवाची नीती झाली आहे. पाच गुराबा आणि पंधरा गलबते यांचा एक सुभा करावा, गुराबा फार थोर नव्हेत आणि फार लहानही नव्हेत अशा सजवाव्या, आणि वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरणारी बरसे-फरगाते बांधण्याच्या नादी लागू नये, असा त्यातील आशय आहे. यातले ‘फरगात’ पोर्तुगिजांकडून आलेले; खुद्द ‘आरमार’ही तिकडचेच. जहाजासाठी आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, कारण रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, ही त्याच ग्रंथातील ताकीद तर प्रसिद्धच आहे.

पाश्चात्य दर्यावर्द्यांची नामपद्धती डोलकाठ्या मोजते आणि शिडांची ठेवण पाहते: किमान तीन डोलकाठ्या आणि सर्वांवर आडवी चौकोनी शिडे असतील तरच ‘शिप’, दोनच असतील तर ‘ब्रिग’, तिहींतील मागल्या काठीवरचे शीड उभ्या ठेवणीचे असेल तर ‘बार्क’. आपल्या किनाऱ्यावरील नावे जहाजाचा स्वभाव आणि त्याची चाकरी सांगतात. गुराब कावळा, तर आखाताकडून येणारा ‘बगला’ अरबीत खेचर, भार वाहणारा. ‘पत्तेमारी’च्या पूर्वजाचे नाव, ‘पातामार’, पोर्तुगीज दफ्तरांत पायी धावणाऱ्या जासुदालाही लावलेले आढळते. ‘तारू’ आणि ‘तरांडे’ संस्कृत तृ धातूचे वंशज, त्यांचे काम एवढेच की पार करावे. शिबाड मालाच्या ओझ्याचे, मचवा मासेमारीचा. जहाजावर चढले की सुकाणू अरबी, नांगर फारसी, आणि नाखवा तर ‘नाखुदा’चाच, म्हणजे नावेच्या धन्याचा, अवतार. एका तांडेलाच्या एका हुकुमात चार संस्कृती नांदत, आणि त्याला त्याची वार्ताही नसे.

१७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गापाशी तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. इंग्रज आणि पेशवे यांच्या संयुक्त मोहिमेचे ते फळ, आणि मावळात झालेल्या तहाचा तो दारुण उपसंहार. पुढे वाफेच्या यंत्राने डोलकाठीचे राज्य खालसा केले. नियतीचा योग असा की त्या यंत्रांची विद्या आरमारी शिपायांना शिकवणारी संस्था १५ फेब्रुवारी १९४५ रोजी सुरू झाली ती लोणावळ्यासच. आज ती ‘आय. एन. एस. शिवाजी’ म्हणून ओळखली जाते. जेथे शिडांच्या आरमाराचा तह ठरला, तेथेच शिडावाचून चालणाऱ्या जहाजांचे कारागीर तयार होतात. आणि श्रावणात नैर्ऋत्येचा तोच वारा, ज्याच्या धाकाने किनाऱ्यावरची गलबते नांगरून पडत, बोरघाट चढून तळेगावच्या कौलांवर येऊन आपटतो.