कांदा तांबूस व्हायला किती वेळ लागतो?

पॅरिसमधल्या लहान, साध्या खानावळीला बिस्त्रो म्हणतात. तेथे मिळणाऱ्या पदार्थांत कांद्याच्या सुपाचा मान मोठा आहे. पॅरिसचा मध्यवर्ती घाऊक बाजार 'ले आल' भागात होता. १९६९ मध्ये तो शहराबाहेर रंजिस येथे हलवला गेला. रात्रभर माल उतरवणारे हमाल आणि व्यापारी पहाटे हे गरम सूप घेत. म्हणजे हा मुळात कष्टकऱ्यांचा पदार्थ. त्याला लागतो मुख्यतः कांदा, आणि कांद्याच्या बाबतीत आम्ही पिंपळे सौदागरची मंडळी भाग्यवान आहोत. चाकणची कांद्याची बाजारपेठ जवळच आहे, आणि त्यापुढे राजगुरुनगरला कांदा व लसूण यांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही आहे.

तरीही घरी हे सूप प्रथमच करणाऱ्याची अनेकदा निराशा होते. सूप फिकट आणि उग्र तरी होते, नाहीतर कडू. मग दोष महागड्या चीजला किंवा न मिळालेल्या वाइनला दिला जातो. खरे कारण बहुधा वेगळेच असते. पाककृतीत लिहिलेले असते, 'कांदा दहा मिनिटे परतून तांबूस करावा.' एक किलो कांदा दहा मिनिटांत तांबूस होणे शक्य आहे का, हे आपण शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या आधारे तपासून पाहू.

पाण्याचा हिशेब

कांद्यात वजनाच्या सुमारे ८८ टक्के पाणी असते. पाणी आहे तोवर ओल्या कांद्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही, कारण दिलेली उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. कांदा नीट तांबूस होईपर्यंत एक किलोतील सुमारे ७५० ग्रॅम पाणी निघून जाते असे धरू. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता लागते. म्हणून ७५० ग्रॅमसाठी सुमारे १७०० किलोज्यूल लागतील. कांदा २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवण्यास आणखी सुमारे ३०० किलोज्यूल हवेत. एकूण झाले २००० किलोज्यूल.

मध्यम आचेवर कढईला प्रत्यक्ष ७०० वॉट, म्हणजे सेकंदाला ७०० ज्यूल, मिळतात असे मानले, तर या कामाला सुमारे ४८ मिनिटे लागतील. हेच काम दहा मिनिटांत उरकायचे तर कढईत ३३०० वॉटहून अधिक शक्ती पोचली पाहिजे. घरगुती शेगडीच्या मोठ्या बर्नरकडूनही साधारणपणे याच्या निम्मीच शक्ती मिळते. शिवाय आच वाढवली, की तळाला टेकलेल्या फोडी सुकून करपतात आणि वरच्या तशाच ओल्या राहतात. सुपाला येणारा कडवटपणा तो हाच.

रंग कोठून येतो?

या तांबूसपणाला स्वयंपाकाच्या पुस्तकांत सर्रास 'कॅरमल होणे' म्हणतात. नुसती साखर तापवून तिचे विघटन होते तेव्हा कॅरमल बनते. कांद्यात ते थोडेफार होत असेलही, पण रंग आणि सुवास यांचे मोठे श्रेय दुसऱ्या अभिक्रियेला जाते. १९१२ मध्ये लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने अमिनो आम्ले आणि शर्करा एकत्र तापवल्यास तपकिरी पदार्थ बनतात, असे दाखवले. ही मायार अभिक्रिया १४० अंशांच्या आसपास झपाट्याने होते. कमी तापमानालाही ती होते, पण अगदी सावकाश. बासुंदी आटवताना दुधाला येणारा बदामी रंग हे तिचेच उदाहरण. कांदा-खोबऱ्याचे वाटण भाजताना आपली आजी जी खरपूस वासाची वाट पाहत असे, ती याच अभिक्रियेची.

प्रत्यक्ष कृती

चार जणांसाठी एक किलो कांदा उभा, पातळ चिरावा. जाड बुडाच्या पसरट कढईत ५० ग्रॅम लोणी वितळवून त्यात कांदा व थोडे मीठ घालावे. पहिली दहा मिनिटे झाकण ठेवावे. मीठ आणि उष्णता यांमुळे पेशींतील पाणी बाहेर पडते व कांदा मऊ होतो. मग झाकण काढून मध्यम ते मंद आचेवर पाऊण तास अधूनमधून हलवत राहावे. शेवटच्या पंधरा मिनिटांत मात्र कढईपासून दूर जाऊ नये. तळाला तपकिरी खरवड धरू लागली की दोन चमचे पाणी घालून ती उलथन्याने सोडवावी. फ्रेंच लोक येथे वाइन वापरतात. पण खरवडीतील चव पाण्यातही विरघळते. एक चमचा मैदा घालून परतावा, दीड लिटर हाडांचे किंवा भाज्यांचे उकळलेले पाणी घालून वीस मिनिटे उकळू द्यावे. वर भाजलेला पाव व किसलेले चीज ठेवून चीज वितळेपर्यंत तापवावे.

हे तत्त्व समजले की बिस्त्रोतले इतर पदार्थही सोपे वाटू लागतात. कोंबडीचे तुकडे तळण्यापूर्वी कोरडे का पुसायचे, अळंबी कढईत दाटीने का भरायची नाहीत, याचे उत्तर एकच आहे: आधी पाणी जाते, मग रंग येतो.

वर्गासाठी प्रयोग

शंभर-शंभर ग्रॅम चिरलेल्या कांद्याचे तीन भाग घ्यावेत. एक तसाच ठेवावा, दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा, तिसऱ्यात एक चमचा व्हिनेगर घालावे. सारख्याच भांड्यांत, सारख्या आचेवर, सारखेच तेल घालून ते परतावेत. दर तीन मिनिटांनी भांड्यासह वजन करावे आणि रंग कधी दिसू लागला ते नोंदवावे. सोड्याच्या कांद्याला रंग लवकर येतो, कारण अल्कधर्मी माध्यमात मायार अभिक्रिया वेगाने होते. मात्र पेशीभित्तिकांतील पेक्टिन सुटून त्याचा लगदाही होतो. आम्लात उलट घडते. शेगडीजवळ शिक्षकांनी स्वतः उभे राहावे.

मिळालेल्या आकड्यांवरून वजन आणि वेळ यांचा आलेख विद्यार्थ्यांना काढू द्यावा. पुस्तकातील दहा मिनिटे आणि आलेखातील वेळ जुळत नाहीत, हे त्यांना स्वतःला दिसले पाहिजे. प्रयोग फसला की 'माझेच काहीतरी चुकले' असे म्हणून पुस्तकाचे उत्तर वहीत उतरवण्याची सवय आपल्याकडे फार लवकर लागते. येथे मात्र पुस्तकच चुकले आहे, आणि ते सिद्ध करायला आठवी-नववीचे गणित पुरते. पुढे मुलांना एवढेच विचारावे: झाकण शेवटपर्यंत तसेच ठेवले तर या आलेखाचा उतार कसा बदलेल? आणि कांद्यात सुरुवातीलाच एक पेला पाणी ओतले तर रंग येण्यास किती मिनिटे अधिक लागतील? उत्तर आधी कागदावर काढावे, मग कढईत पाहावे.