अनावर खाणे व स्थूलतेवरील शस्त्रक्रिया

फेब्रुवारी २०२२ मध्ये उज्जैन येथे रस्तेविकासाच्या कामांचा समारंभ झाला. त्या व्यासपीठावरून केंद्रीय मंत्री श्री. नितीन गडकरी यांनी उज्जैनचे खासदार श्री. अनिल फिरोजिया यांना वजन घटविण्याचे आवाहन केले व घटलेल्या प्रत्येक किलोमागे मतदारसंघाच्या विकासासाठी १,००० कोटी रुपये देण्याचे हसतखेळत आश्वासन दिले. श्री. फिरोजिया यांचे वजन त्यावेळी सुमारे १२७ किलो होते. व्यायाम व मिताहार यांच्या साहाय्याने आपण ३२ किलो वजन कमी केल्याचे त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सांगितले. स्वतः श्री. गडकरी यांनी २०११ साली मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती. एकाच प्रश्नाचे हे दोन मार्ग होत. कोणास कोणता मार्ग योग्य, याचा निर्णय मात्र रुग्णाची संपूर्ण तपासणी करूनच घ्यावा लागतो.

स्थूलतेचे मोजमाप

किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो, त्यास शरीरभार निर्देशांक असे म्हणतात. उदाहरणार्थ, १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन १०५ किलो असल्यास हा निर्देशांक सुमारे ४१ येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे ३० वा त्याहून अधिक निर्देशांक म्हणजे स्थूलता. ४० च्या पुढील स्थूलता तीव्र समजली जाते. भारतीयांना मधुमेह व हृदयविकार कमी वजनातही जडत असल्याने आपल्याकडे याहून खालची मर्यादा धरण्यात येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष यांचा निर्देशांक २५ वा अधिक आढळला. हा प्रश्न आता केवळ श्रीमंतांचा वा शहरांचा राहिलेला नाही.

खा-खा आणि विकार

माळव्यात पोहे-जिलबी, शेव, तुपात बुडविलेले बाफले यांची रेलचेल असते. सणासुदीस चार घास जास्त जाणे हा काही आजार नव्हे. परंतु काही व्यक्तींच्या बाबतीत खाण्यावरील ताबाच सुटतो. थोड्या अवधीत त्या इतके अन्न खातात, की सामान्य माणूस तेवढ्या वेळात तितके खाऊ शकणार नाही. भूक नसतानाही खाणे, भराभर खाणे, पोट दुखेपर्यंत खाणे, लाजेपोटी एकट्याने लपून खाणे आणि नंतर स्वतःचा तिटकारा येणे, ही याची लक्षणे होत. असे प्रसंग आठवड्यातून निदान एकदा, याप्रमाणे तीन महिने घडत असतील व त्यामुळे मनास क्लेश होत असतील, तर त्यास अनावर खाण्याचा विकार म्हणतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ साली अशा खाण्याचे वर्णन केले. २०१३ साली अमेरिकेतील मनोविकारांच्या अधिकृत सूचीत त्यास स्वतंत्र विकार म्हणून स्थान मिळाले. प्रत्येक स्थूल व्यक्तीस हा विकार असतो असे नाही. आणि सडपातळ व्यक्तीसही तो होऊ शकतो.

आपल्याकडे अशा माणसास ‘हावरट’ म्हणून हिणवले जाते किंवा ‘भस्म्या झाला’ असे म्हटले जाते. फेब्रुवारी २०१७ मध्ये एका प्रसिद्ध लेखिकेने एका अतिस्थूल पोलीस अधिकाऱ्याचे छायाचित्र प्रसिद्ध करून मुंबईच्या पोलीस बंदोबस्ताची थट्टा केली. प्रत्यक्षात ते गृहस्थ उज्जैन विभागातील नीमच येथे नेमणुकीस असलेले पोलीस निरीक्षक होते. त्यांचे वजन सुमारे १८० किलो होते व ते अतिखाण्याने नव्हे, तर आजारामुळे वाढले असल्याचे त्यांनी सांगितले. पुढे त्याच वर्षी त्यांच्यावर मुंबईत शस्त्रक्रिया करण्यात आली. शरीर पाहून कारण ओळखता येत नाही, हे यावरून ध्यानात यावे. ज्यांना खरोखर अनावर खाण्याचा विकार असतो, त्यांच्या बाबतीत तर थट्टेने लाज वाढते, लाजेने खाणे लपविले जाते आणि विकार डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही.

शस्त्रक्रियेने काय होते?

एका पद्धतीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून त्यास नळीसारखा आकार देण्यात येतो. दुसऱ्या पद्धतीत जठराची लहान पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढील भागास जोडण्यात येते. त्यामुळे थोड्या अन्नाने पोट भरते व भूक नियंत्रित करणाऱ्या संप्रेरकांतही बदल होतो. अनेकांचा मधुमेह आटोक्यात येतो. १९९१ च्या अमेरिकन निकषांनुसार निर्देशांक ४० वा अधिक, अथवा गंभीर व्याधी असल्यास ३५ वा अधिक असलेल्यांना ही शस्त्रक्रिया सुचविली जात असे. २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी ही मर्यादा खाली आणली.

तथापि, जठर लहान केल्याने मनातील ओढ आपोआप नाहीशी होत नाही. शस्त्रक्रियेनंतर एका बैठकीत पुष्कळ खाणे शक्य नसते; परंतु काही रुग्ण दिवसभर थोडेथोडे खात राहतात आणि खाण्यावर ताबा नसल्याची भावना पुन्हा डोके वर काढते. अशांचे वजन अपेक्षेप्रमाणे उतरत नाही किंवा काही वर्षांनी पुन्हा वाढते. म्हणून हा विकार असणाऱ्यास शस्त्रक्रिया नाकारावी असे नव्हे. तो आधी ओळखून त्यावर उपचार करावेत आणि नंतरही लक्ष ठेवावे, असे तज्ज्ञ सांगतात. ठरावीक वेळी जेवणे, खाण्याची व त्यावेळच्या मनःस्थितीची नोंद ठेवणे आणि विचारांना वळण लावणारी मानसोपचार पद्धती यांचा चांगला उपयोग होतो. शस्त्रक्रियेनंतर लोह, कॅल्शियम, ब-१२ व ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर चालू ठेवावी लागते. मद्याचा अंमलही लवकर चढतो, म्हणून ते वर्ज्य करावे.

कोणी काय करावे?

रुग्णाने आपले लपून खाणे शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. नापसंतीच्या भीतीने ते दडविल्यास नुकसान त्याचेच होते. घरच्यांनी पानावर बसलेल्या माणसाचे घास मोजू नयेत. शिक्षकांनी वर्गात लठ्ठ मुलास चिडवू देऊ नये. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाचा सल्ला घ्यावा. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. योग्य वेळी घेतलेला सल्ला आणि घरच्यांचा आधार लाभल्यास या विकारातून बाहेर पडता येते, हे सर्वांनी लक्षात ठेवावे.