साक्ष घरातच फिरते

साक्षीदाराला धमकावलं तर पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात, कोर्टाच्या लेखी तक्रारीची वाट पाहावी लागत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा २८ ऑक्टोबर २०२५ चा निकाल बहुतेकांच्या वाचनात आला असेल. केरळ आणि कर्नाटकच्या उच्च न्यायालयांनी कायद्याचा उलट अर्थ लावला होता, तो आता मोडीत निघाला. दंड संहितेत २००६ साली घातलेलं कलम १९५-अ, म्हणजे आजच्या भारतीय न्याय संहितेचं कलम २३२, यापुढे पोलीस ठाण्यात वापरता येईल. सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा, आणि तक्रारीसाठी मात्र धमकावलेल्या माणसानेच कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या, ही विसंगती संपली हे फार चांगलं झालं.

पण निकाल वाचताना डोळ्यांपुढे येतो तो बाहेरचा गुंड. रात्री दार ठोठावणारा, फोनवर दम देणारा. बाईला मारलं, जाळलं, तिचा गळा दाबला अशा खटल्यांत साक्ष फिरवायला बाहेरून कुणी यावं लागत नाही. आरोपी, फिर्यादी आणि प्रत्यक्षदर्शी एकाच छपराखाली राहत असतात. साक्षीदार ती स्वतःच असते. ती जिवंत राहिली नसेल तर तिचं सात-आठ वर्षांचं पोर, भिंतीपलीकडची शेजारीण, नाहीतर तिचा बाप. पोर वाढतंय आरोपीच्या आईकडे. शेजारणीला त्याच गल्लीत राहायचंय. बापाच्या डोक्यावर धाकटीच्या लग्नाचा घोर आहे.

इथली बोलणीही वेगळी असतात. “तुला काय सांगायचं ते सांग कोर्टात, मग पोरांचं तोंड बघायला येऊ नकोस.” किंवा, “झालं ते झालं, दोन एकर नातवाच्या नावावर करून देतो, आता कशाला वाढवता?” कलम २३२ लागायला धमकी हवी. साक्षीदाराच्या शरीराला, अब्रूला किंवा मालमत्तेला इजा करण्याची, नाहीतर त्याच्या जिवाभावाच्या माणसाच्या शरीराला वा अब्रूला इजा करण्याची. पोरांचं तोंड दिसू न देण्याची भाषा त्यात बसवायला निष्णात वकील लागेल. दोन एकरांचं आमिष तर या कलमात बसतच नाही. गावातल्या चार जाणत्यांसमोर बैठक होते, मिटवामिटवी होते आणि पुढच्या तारखेला बाप शपथेवर सांगतो की जावयाचा काही त्रास नव्हता. सरकारी वकील त्याला फितूर जाहीर करून घेतो, चार प्रश्न विचारतो आणि खटला पुढे सरकतो.

जळीत प्रकरणांत तर हे गुन्हा नोंदवण्याच्याही आधी घडू शकतं. बाईला दवाखान्यात आणणारे पुष्कळदा सासरचेच असतात. पहिला जबाब होतो तेव्हा पलंगाजवळ नवरा किंवा सासू असते, आणि जबाबात येतं की स्टोव्हचा भडका उडाला. मग माहेरची माणसं पोहोचतात, नायब तहसीलदार येतात, दुसरा जबाब होतो आणि त्यात रॉकेल ओतल्याचं येतं. काही दिवसांनी ती जाते आणि मागे एकमेकांना छेद देणारे दोन मृत्यूपूर्व जबाब राहतात. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २००२ साली सांगितलं की रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र नाही, एवढ्यावरून असा जबाब बाद करता येत नाही. जबाब घेणाऱ्याची तशी खात्री पटलेली असली की पुरे. या निकालाने अनेक जबाब तांत्रिक कारणावरून फेकले जाण्यापासून वाचले. तरी अपिलातली खरी झुंज होते ती यातला कोणता जबाब खरा यावर. बचावाचा वकील म्हणतो, पहिला खरा, दुसरा माहेरच्यांनी पढवलेला. सरकारी वकील म्हणतो, पहिला धाकाखाली दिलेला. दोन्ही शक्य आहे. ठरवायला कागदावर वेळ, अंगठ्याचा ठसा आणि एखादा शेरा. पलंगाशेजारी कोण उभं होतं, तिला आधी कोण कोण भेटून गेलं, पोरं त्या वेळी कुणाच्या ताब्यात होती, हे वॉर्डातल्या परिचारिकेला माहीत असतं. तपासी अंमलदाराने तिचा एक जबाब नीट घेऊन ठेवला तरी पाच-दहा वर्षांनी अपील ऐकणाऱ्या न्यायमूर्तींच्या हातात काहीतरी ठोस येईल.

कारण अपील चालतं ते कागदावर. साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात येत नाहीत. जादा पुरावा घ्यायचा अधिकार अपील न्यायालयाला आहे, फेरखटल्याचा आदेशही देता येतो. बेस्ट बेकरी प्रकरणात साक्षीदार फिरल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये खटला गुजरातबाहेर, महाराष्ट्रात नव्याने चालवायला लावला. पण त्या प्रकरणाकडे सगळ्या देशाचं लक्ष होतं. एखाद्या तालुक्यातल्या विवाहितेच्या मृत्यूच्या खटल्यात कोण मागणार फेरखटला? तिथे पेपरबुक उघडलं जातं, उलटतपासातली वाक्यं वाचली जातात आणि युक्तिवाद होतो. उत्तर देण्याआधी साक्षीदाराने कुणाकडे पाहिलं हे त्या पानांवर उतरत नाही. साक्षीदाराच्या वर्तनाविषयी महत्त्वाचं वाटेल ते नोंदवून ठेवण्याची तरतूद कायद्यात आहे. खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशांनी ती मनापासून वापरली पाहिजे.

सगळ्यात मोठा अन्याय मला दिसतो तो निर्दोष सुटकेविरुद्धच्या अपिलात. आरोपी मुळातच निर्दोष मानला जातो. खालच्या कोर्टाने सोडल्यावर ते गृहीतक दुप्पट बळकट होतं आणि पुराव्यातून दोन अर्थ निघत असतील तर सुटका कायम ठेवायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सूत्ररूपाने मांडलं. तत्त्व म्हणून ते योग्यच आहे, एकदा सुटलेल्या माणसाला उगाच पुन्हा दोरीला बांधू नये. मात्र ती सुटका साक्ष फिरवूनच मिळवलेली असेल, तर फिरवणाऱ्याच्या पदरात दुहेरी संरक्षण पडतं. आधी संशय निर्माण करायचा आणि मग त्या संशयाचा फायदा दोनदा घ्यायचा. २००९ च्या अखेरीपासून पीडितेला किंवा तिच्या वारसांना सुटकेविरुद्ध स्वतः अपील करता येतं, ही मोठी वाट मोकळी झाली. पण मिटवामिटवीत वारसच सामील करून घेतलेले असतील तर अपील करायला उरतं कोण?

कोर्टांना हे कळत नाही असं अजिबात नाही. मराठवाड्यातल्या एका प्रकरणात विवाहिता सर्पदंशाने गेल्याचं सासरहून सांगितलं गेलं आणि शवविच्छेदनात गळा आवळल्याचं निघालं. नवऱ्याची खुनाबद्दलची जन्मठेप कायम ठेवताना सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये जे लिहिलं, ते प्रत्येक सरकारी वकिलाने तोंडपाठ करावं. घराच्या चार भिंतींत, आपल्या सोयीची वेळ निवडून केलेल्या गुन्ह्याचा थेट पुरावा मिळणं महाकठीण. शेजारी वैर नको म्हणून बोलत नाहीत. माहेरचे दूर असतात. म्हणून घरात नेमकं काय घडलं याचा खुलासा घरातल्यांनीच द्यायला हवा, आणि तो खोटा ठरला तर पुराव्याच्या साखळीत ती आणखी एक कडी धरायची. लाचेच्या खटल्यांबाबतही डिसेंबर २०२२ मध्ये घटनापीठाने सांगितलं की तक्रारदार फितूर झाला किंवा वारला तरी इतर पुराव्यांवरून गुन्हा सिद्ध होऊ शकतो. सरकारी कचेरीतल्या लाचेला जो न्याय, तो स्वयंपाकघरातल्या मारहाणीलाही लावला पाहिजे. फितूर साक्षीदाराची साक्ष सरसकट पुसली जात नाही, तिच्यातला विश्वासार्ह भाग घेता येतो, हे तर १९७६ पासून ठरलेलं आहे.

अमेरिकेत हाच प्रश्न थेट घरगुती हिंसेच्या खटल्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जाइल्स विरुद्ध कॅलिफोर्निया, २००८. आरोपीने आपल्या माजी प्रेयसीला गोळ्या घातल्या. काही आठवड्यांपूर्वीच तिने पोलिसांना मारहाणीची आणि जिवे मारण्याच्या धमकीची हकीकत सांगितली होती. तिचं ते निवेदन वापरायचं का? उलटतपासाला ती येऊ शकत नव्हती, आणि येऊ शकत नव्हती ती त्याच्यामुळेच. न्यायालय म्हणालं, साक्ष देऊ नये म्हणूनच तिला मारलं असं दिसलं तरच उलटतपासाचा हक्क आरोपी गमावतो. पण त्याच निकालात हेही आहे की जोडीदाराला मदतीपासून, पोलिसांपासून तोडत ठेवण्याचा इतिहास असेल, तर हा हेतू ठरवताना तो लक्षात घ्यायचा. आपल्याकडे मृत्यूपूर्व निवेदनाची व्याख्या अधिक उदार आहे, त्यामुळे मेलेल्या बाईचं म्हणणं निदान कोर्टापुढे येतं. जिवंत असून गप्प केलेल्या बाईचं येत नाही. प्रतिपक्षाने साक्षीदाराला दूर ठेवलं तर त्याची आधीची साक्ष वाचता येते, ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात होती, आजही साक्ष अधिनियमात आहे. पण त्यासाठी आधी उलटतपासाची संधी मिळालेली हवी. इथे तर उलटतपासाच्या आधीच सगळं उरकलेलं असतं.

फिरलेली प्रत्येक साक्ष दबावामुळेच फिरली असं मानणंही धोक्याचं आहे. पहिली फिर्याद रागात, कुणाच्या सांगण्यावरून झालेली असू शकते, आणि तसं कोर्टात कबूल करणाऱ्या बाईला खोटं ठरवणं हा तिच्यावर दुसरा अन्याय होईल. साक्ष का फिरली हे शोधलं जावं, रेकॉर्डवर आणलं जावं, एवढंच मागणं आहे. आज फितुरी झाली की सगळे जण पुढच्या साक्षीदाराकडे वळतात.

शिक्षा झाली म्हणजे दबाव संपला असंही नाही. छळाच्या गुन्ह्यात, जुन्या ४९८-अ आणि आताच्या कलम ८५ मध्ये, कमाल शिक्षा तीन वर्षांची. जामिनावर असलेल्या आरोपीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा झाली तर शिक्षा देणारं कोर्टच अपिलापुरता जामीन देऊ शकतं, म्हणजे तो त्याच संध्याकाळी घरी. महाराष्ट्रात हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. पण दोन्ही बाजूंनी समझोता आणला तर उच्च न्यायालय खटला रद्द करू शकतं, आणि फार गंभीर नसलेल्या गुन्ह्यांत शिक्षेनंतर, अपील प्रलंबित असतानाही तसं करता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. समझोता राजीखुशीने झाला का, हे तपासायची जबाबदारी कोर्टावर आहे. बाईवर मात्र अपील संपेपर्यंत समझोत्यावर सही करण्यासाठी तगादा चालू राहतो.

मग संरक्षण कुठलं? २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेत जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती आहे, पोलिसांकडून धोक्याचा अहवाल आहे, सगळं आहे. पण तिच्यातली गुन्ह्याची व्याख्या पाहा. फाशी, जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत आणि त्याहून अधिक शिक्षेचे गुन्हे, शिवाय विनयभंग, पाठलाग वगैरे काही कलमं. तीन वर्षांचा ४९८-अ त्यात नाहीच. खून किंवा हुंडाबळी झाल्यावर संरक्षण मिळेल, आधीच्या मारहाणीची साक्ष देणाऱ्या बाईला नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने प्रत्येक राज्याला साक्षीदार संरक्षण योजना अधिसूचित करायला सांगितलं आहे. महाराष्ट्राने तिच्यात कलम ८५ स्पष्ट शब्दांत घालावं.

तोवर हाताशी असलेलं साधन आहे २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा. त्याच्या कलम १८ खाली नवऱ्याला तिच्याशी बोलण्याची, फोन किंवा निरोप करण्याचीही मनाई करता येते; तिला मदत करणाऱ्या नातेवाइकांना हिंसेपासून संरक्षण देता येतं. आदेश मोडला तर तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा, आणि तिच्या एकटीच्या साक्षीवरही तो सिद्ध मानता येतो. कलम २६ म्हणतं की हा दिलासा तिच्याशी आणि त्याच्याशी संबंधित कोणत्याही कार्यवाहीत, फौजदारी कोर्टातसुद्धा मागता येतो. अपील हीदेखील अशी कार्यवाहीच आहे, असा माझा ठाम समज आहे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. सांगली-सोलापूर, रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या बायकांना आता मुंबई गाठावी लागत नाही. शिक्षेला स्थगिती मागणारा नवऱ्याचा अर्ज तिथे सुनावणीला येईल, त्याच तारखेला तिच्या वकिलाने कलम १८ आणि २६ चा अर्ज पुढे ठेवायला हवा.