एलईडी बल्ब बसवला म्हणजे हेडलाइट सुधारला?

“हॅलोजन काढा, एलईडी टाका, पावसाळ्यात रस्ता लख्ख दिसेल.” जून जवळ आला की दापोलीत हा सल्ला हमखास ऐकू येतो. बल्ब ऑनलाइन मिळतो, घरच्या घरी बसतो, अंगणातली भिंत पांढरीशुभ्र उजळते आणि गाडीवाला खूश होतो. पण भिंत उजळणं वेगळं आणि रस्ता दिसणं वेगळं, हे किती वेळा सांगायचं?

प्रकाश बल्ब देतो, तो कुठे पडायचा हे रिफ्लेक्टर ठरवतो. अनेक गाड्यांत एच-4 बल्ब असतो: अप्परला 60 वॅट, डिपरला 55. त्याच्या आत दोन तारा असतात. डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. ती खालच्या बाजूचा प्रकाश अडवते, म्हणून झोत वर उडत नाही. रिफ्लेक्टरचा आकार या तारांची नेमकी जागा धरूनच घडवलेला असतो. तिथे दोन बाजूंना चपट्या चिप असलेला बल्ब आला की झोत विस्कटतो. गाडीपुढचा रस्ता झगझगतो, डोळे त्या उजेडाला सरावतात आणि लांबचं उलट कमी दिसतं. वर उडालेला प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दापोली-हर्णै रस्त्यावर एसटीला जागा देताना साइडपट्टी कुठे संपते आणि कडेने कोण चालत येतंय, हे दिसायलाच हवं. नेमक्या त्याच क्षणी समोरच्याला काही दिसेनासं होतं. याला सुधारणा म्हणायची माझी तयारी नाही.

“कायद्यात कुठे लिहिलंय?” केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 106 वाचा. झोत कायम खाली झुकलेला हवा. दिव्यापासून 8 मीटरवर, जमिनीपासून 1.5 मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवता कामा नये. “परदेशात चालतं की!” जर्मनीत 2020 पासून काही एलईडी बल्बना परवानगी मिळाली आहे, पण कोणता बल्ब कोणत्या गाडीत, हे तपासून. कुठलाही बल्ब कुठल्याही गाडीत तिथेही चालत नाही.

उजेड खरंच कमी पडत असेल तर आधी व्होल्टेज मोजा. हॅलोजनपर्यंत 10 टक्के व्होल्टेज कमी पोहोचलं तर उजेड सुमारे 30 टक्के घटतो. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत अर्थिंगचा स्क्रू गंजतो, होल्डर काळा पडतो. इंजिन चालू ठेवून, लाइट लावून आधी बॅटरीवर आणि मग होल्डरवर मल्टिमीटर लावा. फरक मोठा असेल तर गंज घासा, होल्डर बदला. मूळ वायरिंग बारीक असेल तर चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून रिले बसवून घ्या. पिवळी पडलेली काच पॉलिश करा. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, तेलाच्या डागाने तो लवकर जातो. मग सपाट जागी भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी करा. डिपरच्या झोताची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा साधारण 10 सेंटिमीटर खाली हवी, डावीकडे थोडी चढती. हे समायोजन फुकट होतं आणि तेच कोणी करत नाही.

फॉग लॅम्प पिवळा असला की धुकं भेदतो, हाही हट्ट जुना. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात. ते पिवळा आणि पांढरा जवळपास सारखाच विखुरतात. पिवळा काहींच्या डोळ्यांना सौम्य वाटतो, तेवढंच. फॉग लॅम्प उपयोगी पडतो तो खाली बसवलेला असतो आणि त्याचा झोत रुंद, वरून कापलेला असतो म्हणून. बंपरवरून काढून वर चढवला की त्याचा उपयोग गेला.

6000 केल्विन म्हणजे जास्त उजेड नव्हे. तो आकडा रंगाचा आहे.

100 वॅटच्या बल्बला 5 ऐवजी 8 अँपिअरहून जास्त करंट लागतो. मूळ वायर आणि होल्डर त्यासाठी नसतात, ते वितळतात.

धुक्यात अप्पर लावला तर पांढरी भिंतच समोर येते, डिपरवरच राहा.

आणि कशेडी घाटात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका: तुम्ही कुठे वळणार आहात, हे मागच्याला कळत नाही.