गावातल्या रनिंग क्लबची 'पॉइंट्स चॅम्पियनशिप' कशी चालते? एक नियम बदलला की विजेताही बदलतो!

सप्टेंबर २०२४. ब्रसेल्समध्ये डायमंड लीगची फायनल होती आणि ३००० मीटर स्टीपलचेसच्या स्टार्ट लाइनवर बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे उभा होता. मोसमात त्याने एकूण किती गुण मिळवले होते? फक्त ३.

हे ३ गुण आले कुठून, तर जुलैमधल्या पॅरिसच्या शर्यतीतून. तिथे त्याने ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, पण आला सहावा. डायमंड लीगमध्ये पहिल्याला ८, दुसऱ्याला ७ असं करत आठव्याला १ गुण मिळतो. म्हणजे सहाव्याला ३. राष्ट्रीय विक्रमाचा वेगळा बोनस नाही. गुणतालिकेत तो १४ वा होता. वरच्या काही जणांनी माघार घेतली आणि त्याला फायनलची जागा मिळाली.

मोसमभर चालणाऱ्या स्पर्धेची गंमत यातच आहे. तुम्ही किती वेगाने धावलात, इतकंच महत्त्वाचं नसतं. गुण कसे मोजले जातात, तेही तितकंच महत्त्वाचं असतं. आणि हाच प्रकार गावातल्या २०-२५ जणांच्या ग्रुपलाही करता येतो.

समजा, हे शिवथरमध्ये करायचं ठरलं तर?

शिवथर म्हटलं की आठवते ती समर्थ रामदासांची शिवथरघळ आणि पावसाळ्यातला धबधबा. कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर ही गावं महाडच्या आतल्या डोंगराळ भागात येतात. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात पहाटे रस्त्यावर धावणारी बरीच पोरं-पोरी भरतीची तयारी करणारी असतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत ५० पैकी २० गुण लांब अंतराच्या धावण्याचे असतात. पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर.

म्हणजे 'धावण्याचे गुण' ही कल्पना इथे नवी नाही. फरक एवढाच, की भरतीत गुण वेळेवर मिळतात आणि चॅम्पियनशिपमध्ये ते क्रमांकावर देणं जास्त सोयीचं.

कारण सोपं आहे. मैदानावरचे १६०० मीटर सगळीकडे सारखेच. पण घळीकडे जाणाऱ्या चढाच्या रस्त्यावरची वेळ आणि महाडच्या सपाट रस्त्यावरची वेळ यांची तुलना कशी करणार? क्रमांकाला मात्र चढ-उतार, ऊन, वारा कशाचाच फरक पडत नाही. त्या दिवशी सगळे एकाच रस्त्यावर धावलेले असतात.

मोसम कधी ठेवायचा?

पावसाळ्यात नाही, हे नक्की. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली, ते कुणी विसरलेलं नाही. शिवाय पावसाळी सुट्ट्यांमध्ये घळीकडे पर्यटकांच्या गाड्यांची गर्दी असते.

त्यामुळे भातकापणी उरकली की सुरुवात आणि शिमग्याला शेवट, हे वेळापत्रक इथल्या वर्षात चपखल बसतं. महिन्याला एक अशा साधारण ६ शर्यती होतात. दासनवमीच्या आसपासची तारीख टाळायची, कारण तेव्हा घळीत उत्सव असतो. शेवटची शर्यत शिमग्याला ठेवली की मुंबईचे चाकरमानीही गावात असतात.

सगळ्यात मोठा प्रश्न: सगळ्या शर्यती धरायच्या की सर्वोत्तम ४?

एक उदाहरण बघा. पहिल्याला १०, दुसऱ्याला ८, तिसऱ्याला ६ गुण आहेत असं धरू.

गावात राहणारा एक जण सहाही शर्यती धावला. ४ वेळा दुसरा, २ वेळा तिसरा. एकूण ४४ गुण. मुंबईत नोकरी करणारी त्याची जोडी फक्त ४ शर्यतींना आली आणि चारही जिंकली. एकूण ४० गुण.

सगळ्या शर्यती धरल्या, तर गावातला जिंकतो. सर्वोत्तम ४ धरल्या, तर त्याचे ३२ होतात आणि ४० गुणांवाली मुंबईकर जोडी जिंकते. शर्यती त्याच, पाय तेच, पण विजेता वेगळा.

हे फक्त कागदावर होतं असं नाही. १९८८ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये अॅलन प्रॉस्टने १०५ गुण मिळवले होते, आयर्टन सेनाने ९४. तरी जगज्जेता ठरला सेना. कारण १६ पैकी सर्वोत्तम ११ निकालच धरायचे, असा नियम होता. त्या हिशेबात सेनाचे ९० भरले आणि प्रॉस्टचे ८७.

मग बरोबर काय? छोट्या क्लबसाठी '६ पैकी ४' बरं पडतं. कुणाच्या घरी लग्न निघतं, कुणाची शिफ्ट असते, कुणाचा पाय मुरगळतो. सगळ्याच शर्यती धरल्या तर एक रविवार हुकलेला माणूस स्पर्धेतून जवळपास बाद होतो आणि आजारी असतानाही धावण्याचा मोह होतो. पण नियम काहीही असो, तो पहिल्या शर्यतीआधी लिहून सगळ्यांना कळलेला असावा. मोसमाच्या मध्यात बदललेला नियम कितीही चांगला असला, तरी तो कुणासाठी तरी बदलला असंच वाटतं.

शेवटून पहिल्याला काय मिळतं?

८-७-६ ही पद्धत निवडक खेळाडूंसाठी ठीक. गावात ती लावली, तर नवव्यापासून पुढे सगळ्यांना शून्य. दोन-तीन शर्यतींत शून्य मिळालं की माणूस पहाटेचा गजर लावणं बंद करतो.

त्यावर उपाय म्हणजे पहिल्याला ५०, दुसऱ्याला ४७, तिसऱ्याला ४५, चौथ्याला ४४ आणि तिथून खाली एकेक गुण कमी. जिंकण्याला वजन राहतं आणि शर्यत पूर्ण करणारा प्रत्येक जण तक्त्यावर दिसतो. विसाव्या आणि एकविसाव्या नंबरातही चुरस लागते.

महिलांचा तक्ता वेगळा ठेवायचा, म्हणजे पहिल्या महिलेलाही पूर्ण ५० गुण. पन्नाशीतले काका आणि विशीतला पोरगा यांची तुलना करायची असेल, तर वयानुसार टक्केवारी काढता येते. त्या वयासाठी ठरलेली प्रमाण वेळ भागिले तुमची वेळ. समजा प्रमाण वेळ १८ मिनिटं आहे आणि काका २४ मिनिटांत आले, तर ७५ टक्के. असे वयानुसार तक्ते जागतिक स्तरावर तयार आहेत आणि इंटरनेटवर मोफत मिळतात.

आणि पाणी कोण वाटणार?

वळणावर उभं राहून गाड्या थांबवणारा, पाणी देणारा, वेळ लिहिणारा, असं कुणीतरी लागतंच. त्या दिवशी त्याने धावणं सोडलेलं असतं. म्हणून मोसमात एकदा, मदत केलेल्या शर्यतीसाठी त्याला त्याच्या बाकीच्या शर्यतींच्या गुणांची सरासरी द्यायची. नाहीतर दरवेळी तीच दोन माणसं राबतात आणि पुढच्या वर्षी तीही येत नाहीत.

गुण समान झाले तर? आधी कुणाचे पहिले नंबर जास्त, ते बघायचं. तरीही बरोबरी राहिली, तर शेवटच्या शर्यतीत जो पुढे तो विजेता.

हे सगळं एका वहीत किंवा एक्सेलच्या एका शीटवर मावतं. तक्ता दर शर्यतीनंतर त्याच दिवशी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा. आकड्यात चूक असेल तर ती लगेच कळते आणि पुढच्या महिन्यापर्यंत वाद घालायला विषयही मिळतो.

चॅम्पियन तर कुठलाही तक्ता ठरवेल. पण तक्ता चांगला होता की नाही, हे शिमग्याच्या सकाळी कळतं. पहिल्या शर्यतीत शेवटून पहिला आलेला माणूस त्या दिवशीही बुटांची लेस बांधताना दिसला, तर तक्ता जमला!