ट्रेकचे बूट घेताना: ओल्या कातळावर रबर का घसरतं?

गेल्या जुलैत माझा डावा हात महिनाभर प्लास्टरमध्ये होता. लॅबमध्ये प्रत्येकाने एकच विनोद केला: घर्षणावर पीएचडी करणारा माणूस घसरून पडला. हसून घेतलं. पण मनगट मोडल्यावर माणूस स्वतःच्याच विषयाकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागतो, म्हणून ही पोस्ट.

ठिकाण माहुली. वाशिंदच्या माणसाला माहुली म्हणजे घरचाच डोंगर. कसारा लोकलच्या दारात उभं राहिलं की आसनगाव यायच्या आतच त्याचे सुळके दिसायला लागतात. शहाजीराजांनी 1636 मध्ये निजामशाही वाचवण्याची शेवटची धडपड केली तो हाच गड. मी किती वेळा गेलो असेन त्याची मोजदाद नाही. त्या दिवशी फरक एवढाच की पायात नवेकोरे बूट होते, स्टायपेंडच्या मानाने महागच. सोलवर चांगले खोल ठोकळे. चढताना लाल चिखलात ते असे काही रुतत होते की मी सोबतच्या पोरांना त्यावर छोटं व्याख्यानही दिलं. उतरताना ओढ्यातल्या एका गुळगुळीत कातळावर पाय पडला आणि पुढचं मला नीट आठवतही नाही. मागून येणारे गावातले एक काका, पायात सोलचा पार गोटा झालेली रबरी सँडल, त्याच ओढ्यातून आरामात आले, मला उठवलं आणि म्हणाले, "पाय ठेवायचा रे बाळा, टाकायचा नाही."

हे वाक्य डोक्यात ठेवा. त्याचं भौतिकशास्त्र खाली येतंय.

परवा आतेभावाचा मेसेज आला. पहिला पगार झालाय, ट्रेकचे बूट घ्यायचेत, "दादा, ग्रिप चांगली असलेला एक सांग." मी तासभर काहीच उत्तर देऊ शकलो नाही. कारण 'ग्रिप चांगली असलेला बूट' हा प्रश्न 'भाजीला चांगलं असलेलं मीठ किती' यासारखा आहे. भाजी कुठली, किती जणांची, हे आधी सांग.

आमच्या लॅबमध्ये हिमाचलचा एक मित्र आहे. तो बर्फावर स्नोबोर्ड चालवतो. त्या जगात 'ऑल-माउंटन' नावाचा बोर्ड मिळतो, म्हणजे कुठल्याही बर्फावर चालेल असा. तो म्हणतो, हा बोर्ड सगळीकडे बरा असतो आणि कुठेच सगळ्यात चांगला नसतो. म्हणून आधी स्वतःला विचारायचं की आपण जास्त वेळ कुठे आणि कसे घसरतो. दाबलेल्या कडक बर्फावर की भुसभुशीत ताज्या बर्फात? वेगात की सावकाश? पहिल्याला मधोमध वर कमान असलेला बोर्ड बरा, कारण त्याची कड बर्फात नीट चावते. दुसऱ्याला टोकं वर वळलेला, कारण तो वर तरंगतो. गंमत अशी की बोर्डाखाली पाण्याचा अगदी पातळ थर तयार होतो आणि त्याला तोच हवा असतो. आपल्याला माहुलीवर नेमका तोच थर नको असतो. बाकी प्रश्न तोच.

आता रबराकडे. शाळेत आपण शिकलो की घर्षण हे वजनावर अवलंबून असतं, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर नाही. लाकडी ठोकळ्याला हे बऱ्यापैकी लागू पडतं. रबर मात्र हा नियम पाळत नाही, म्हणून तर आमच्यासारख्यांची पोटं भरतात. रबराची पकड दोन वाटांनी येते. एक, चिकटण्याची: रबर मऊ असल्यामुळे दगडाच्या अगदी जवळ जाऊन बसतं आणि रेणूंच्या पातळीवर धरतं. कोरड्या, स्वच्छ दगडावर हीच वाट मोठी. दुसरी, मुरडण्याची: दगडाच्या बारीक उंचवट्यांवरून सरकताना रबर दाबलं जातं, मग परत फुगतं, पण दाबताना खर्च झालेली सगळी ऊर्जा परत देत नाही. काही उष्णता होऊन जाते. ती गेलेली ऊर्जा म्हणजेच आपल्याला मिळालेली पकड. के. ए. ग्रॉश यांनी 1963 साली रबराच्या याच गुणधर्माचं आणि घर्षणाचं नातं प्रयोगांनी दाखवलं. आम्ही अजून तोच पेपर पहिल्या सेमिस्टरला वाचतो.

दगड ओला झाला की पहिली वाट जवळजवळ बंद होते. मध्ये पाणी आल्यावर चिकटणार कशाला? दुसरी मात्र चालू राहते, पण दगड खरबरीत असेल तरच. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. त्यातला काही बेसॉल्ट लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे भोकाभोकांचा असतो. तो भर पावसातही पाय धरून ठेवतो. काही घट्ट, बारीक कणांचा असतो, आणि ओढ्यातला असला तर पाण्याने घासून अजून गुळगुळीत झालेला. तिथे दोन्ही वाटा बंद.

आणि मग शेवाळ. जुलैपर्यंत कातळावर जो काळपट-हिरवा थर चढतो तो नुसता ओलावा नाही. शैवाल आणि जिवाणू स्वतःभोवती एक बुळबुळीत द्रव सोडतात, आणि तो पाण्यापेक्षा खूप दाट असतो. पाय टेकला की सोलखालचा द्रव बाजूला पिळून निघावा लागतो, तेव्हा कुठे रबर दगडाला भेटतं. या पिळून निघण्याला लागणारा वेळ द्रव जितका दाट तितका जास्त, आणि ठोकळ्याच्या रुंदीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणजे ठोकळा दुप्पट रुंद तर वेळ चौपट. साधं पाणी लगेच निघतं. शेवाळ निघत नाही. चालताना एक पाऊल जमिनीवर असतं जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद, आणि घसरायचं की नाही हे त्याच्या पहिल्या तुकड्यातच ठरतं.

माझ्या बुटाचे ठोकळे रुंद होते, एकमेकांपासून लांब, आणि रबर कडक. हे सगळं चिखलासाठी उत्तम: ठोकळा आत रुततो, मधल्या जागेतला चिखल झटकला जातो. म्हणजे बूट वाईट नव्हता. मी त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता. त्यातही चिखलातल्या यशाने मला जो आत्मविश्वास आला होता, त्याने बुटापेक्षा जास्त घात केला.

ही तडजोड जुनीच आहे. आल्प्समध्ये पूर्वी बुटांच्या चामडी तळाला लोखंडी खिळे मारत. 1935 साली तिथल्या एका दुर्घटनेत सहा गिर्यारोहक गेले. त्यांचा सहकारी विताले ब्रामानी याने त्याचा बराचसा दोष पायातल्या बुटांना दिला आणि पिरेली या टायर कंपनीच्या मदतीने 1937 साली रबरी सोल आणला. नाव व्हिब्रॅम, त्याच्याच नावातून घेतलेलं. त्या नक्षीला इटालियन लोक 'रणगाडा' म्हणतात. 1954 साली के-2 पहिल्यांदा सर करणाऱ्या इटालियन चमूच्या पायात हेच सोल होते. आज दुकानात दिसणारे बहुतेक 'रणगाडे' त्याचेच नातेवाईक. पण ती नक्षी बर्फ, माती, दगड अशा सगळ्यांसाठी मिळून काढलेली होती. आपल्या ओढ्यातलं जुलैचं शेवाळ त्यात कोणी धरलं नव्हतं!

आता किती पकड लागते ते बघू. सपाट रस्त्यावर चालायला घर्षणांक साधारण 0.2 पुरतो. उतारावर नुसतं उभं राहायला लागणारा घर्षणांक म्हणजे उताराच्या कोनाचा टॅन्जंट: 20 अंशांना 0.36, 30 अंशांना 0.58, 40 अंशांना 0.84. कोरड्या कातळावर चांगलं रबर हे सहज देतं. शेवाळावर तोच आकडा 0.2 च्याही खाली जाऊ शकतो, म्हणजे तिथे सपाटीवरही भरवसा नाही. आणि हे झालं उभं राहण्याचं. लांब ढांग टाकून टाच आपटत उतरलात तर प्रत्येक पावलाला पुढे ढकलणारा जोर वेगळा, तोही भागवावा लागतो. छोटं पाऊल, सगळा तळवा एकदम आणि सावकाश टेकवलेला, अंग पायाच्या वर: यात पुढचा जोर कमी होतो आणि द्रव पिळून निघायला वेळ मिळतो. पाय ठेवायचा, टाकायचा नाही. काकांना हे सगळं ठाऊक होतं, समीकरणाशिवाय. शिवाय (हे मी नंतर नीट बघितलं) त्यांनी त्या काळपट कातळावर पाय दिलाच नव्हता. शेजारच्या खरबरीत कडेवरून आले होते.

प्लास्टर निघाल्यावर घरी एक प्रयोग केला. मागच्या पडवीत आजीचा जुना पाटा पडून आहे. पाटा म्हणजे टाकी लावलेला बेसॉल्टच, यापेक्षा चांगला नमुना कुठे मिळणार? त्याच्या एका टोकाखाली विटा सरकवत गेलो, वर बूट, बुटात पाण्याची भरलेली बाटली. ज्या चढावर बूट घसरेल तिथे उंची भागिले तळाची लांबी म्हणजे घर्षणांक. ओल्या पाट्यावर माझा महागडा बूट आधी घसरला, बाबांची जुनी मऊ सोलची सँडल बऱ्याच नंतर. मग शेवाळाऐवजी तांदळाची पेज ओतली. दोन्ही लगेच घसरले, आणि यावेळी सँडल आधी, कारण तिच्या गुळगुळीत तळातून पेज बाहेर जायला वाटच नव्हती. आकडे देत नाही. बाटलीचं वजन म्हणजे माणूस नव्हे. आणि चौथ्या फेरीला आईने पाट्यावर बूट बघितले. पाटा वापरात नसला तरी पाटा असतो, हे मला अर्धा तास ऐकावं लागलं.

तर आतेभावाला काय सांगितलं? आधी जुन्या बुटाच्या सोलचा फोटो पाठव म्हटलं. बाहेरच्या बाजूने टाच पार झिजलेली. म्हणजे हा टाच आपटत, भराभर चालणारा. सॅक हलकी, एका दिवसाचे ट्रेक, तेही मुख्यतः जून ते सप्टेंबर. अशा माणसाला मऊ रबर हवं: सोलवर अंगठ्याचं नख दाबलं तर किंचित आत जायला हवं, प्लॅस्टिकसारखं टकटक वाजायला नको. ठोकळे मध्यम, आणि प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा, म्हणजे पाणी निघायच्या वाटा जास्त. टाचेची मागची कड किंचित तिरकी. मऊ रबर लवकर झिजतं, हा त्याचा दंड. दोन पावसाळ्यांनी सोल संपला तर कुरकुर करायची नाही.

वॉटरप्रूफ घेऊ नकोस असंही सांगितलं, आणि यावर तो बराच भांडला. पण आपल्या पावसात पाणी वरूनच आत येतं, आणि आत आलेलं पाणी वॉटरप्रूफ बूट तितक्याच प्रामाणिकपणे आतच ठेवतो. जाळीचा, पटकन निथळणारा बरा. हलकाही असतो. धावण्यावरचे प्रयोग सांगतात की एका बुटाचं वजन 100 ग्रॅमने वाढलं की लागणारी ऊर्जा साधारण 1 टक्का वाढते. उंच घोट्याचा बूट पाय मुरगळण्यापासून वाचवतोच, याला लोक समजतात तितका ठाम पुरावा नाही.

हेच मुरबाडकडे गोरखगडच्या कातळात खोदलेल्या पायऱ्यांवर हिवाळ्यात जाणाऱ्याला सांगणार नाही. तिथे कोरडा दगड. पातळ, लवचिक, बोटांखाली पायरी जाणवेल असा सोल, आणि पुढच्या भागात नक्षी कमीच बरी. दिवाळीनंतर घसाऱ्याच्या वाटांनी, पंधरा किलोची सॅक घेऊन तीन-तीन दिवस फिरणाऱ्याला उलट कडक, पिळला तरी न वळणारा तळ आणि खोल ठोकळे. म्हणजे माझे बूट! ते मी टाकले नाहीत, डिसेंबरसाठी ठेवलेत.

ठेवलेत, पण कपाटात नाही. बऱ्याच बुटांत सोलच्या वरचा मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो आणि दमट हवेत पाण्याची वाफ त्याचे रेणू हळूहळू तोडते. न वापरता खोक्यात जपलेला बूट तीन-चार वर्षांनी काढावा आणि गडाच्या निम्म्यात सोल केकसारखा भुगा होऊन हातात यावा, हे त्यामुळेच होतं. सेलमध्ये खूप जुना माल स्वस्त दिसला तर बनवल्याचा महिना बघा. सॅकमध्ये एक जाड सुतळी असू द्या.

माप संध्याकाळी, जाड मोजे घालून. उतरताना पाय पुढे सरकतो, तेव्हा बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी, नाहीतर नखं काळी.

शनिवारी आम्ही दोघं ठाण्याला बूट बघायला जातोय. त्याने विचारलं, दुकानात ओल्या दगडावर चालून बघता येईल का? मी म्हटलं, फरशी असेल, पाणी मागून बघू. पाटा लोकलमधून नेता येणार नाही, आणि आई देणारही नाही.