शिंगाड्याच्या टरफलातला उजेड



महाशिवरात्रीला अंबरनाथ पूर्वेच्या शिवमंदिरात तुम्ही दर्शनाला गेला असाल. उपवासाचे शिंगाडे सोलून टरफले उकिरड्यावर टाकली असतील. त्याच गावात, रुळांपलीकडे जांभूळ फाट्याच्या एका संशोधन केंद्रात, या टरफलांपासून उजेड देणारे कण तयार झाले. त्यावरचा शोधनिबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला.

हे कण केवढे? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा. त्यांतल्या दहा भागांहूनही लहान! अशा कणांना क्वांटम डॉट, म्हणजे पुंजबिंदू म्हणतात. त्यांवर अतिनील प्रकाश टाकला की ते चमकतात. कण लहान तर निळा, मोठा तर तांबडा. या विद्येला २०२३ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. शरीरातल्या पेशींत असे कण सोडले, तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशीचे कामकाज दिसते.

पण अडचण दोन तऱ्हेची. सर्वांत तेजस्वी बिंदू कॅडमियम धातूचे, आणि ते तेलकट द्रवात तयार होतात, पाण्यात विरघळत नाहीत. रक्त-पेशी तर पाण्याच्याच. म्हणून त्यांवर जस्त-गंधकाचे कवच चढवून, वर पाण्याशी जमवून घेणाऱ्या रेणूंचा थर द्यावा लागतो. १९९८ साली शास्त्रज्ञांनी हे साधले. तरी कवच फुटले तर विष बाहेर येते. कॅडमियम काय करते, हे जपानातल्या जिंझू नदीकाठच्या शेतकऱ्यांना विचारा. खाणीतले कॅडमियम पाण्यातून भातात उतरले, मूत्रपिंडे निकामी झाली, हाडे ठिसूळ झाली. वालधुनीच्या काठच्या मंडळींना तर रसायनाचे पाणी म्हणजे काय हे सांगायलाच नको.

टरफलाची वाट वेगळी. टरफलांचा पाण्यातला अर्क सुमारे ९० अंश सेल्सिअसला तापवला, की त्यातल्या पदार्थांपासून कार्बनचे बिंदू बनतात. त्यांच्या पृष्ठभागाला पाण्याची ओढ जात्याच असते. वेगळा थर नको, कॅडमियमही नको. मात्र कार्बनचे बिंदू सहसा कॅडमियमच्या बिंदूंइतके तेजस्वी नसतात, हेही खरे.

आता माझा सल्ला ऐका. हे प्रयोगशाळेतले काम आहे. घरी टरफले उकळून औषध होत नाही. 'नॅनो' म्हणून कोणी बाटली विकायला आला, तर त्यात कोणता धातू आहे आणि तपासणीचा दाखला कुठे आहे, हे आधी विचारा. जे जमिनीत मुरते, ते उद्या आपल्याच ताटात येते.